एक विमान, एक तारीख

लढाऊ विमानांची प्रमाणबद्ध मॉडेल्स करणाऱ्या माणसाला "सध्या टेबलावर काय आहे?" असे विचारले आणि त्याने "स्पिटफायर" एवढेच उत्तर दिले, तर त्याने अजून काहीच ठरवलेले नाही असे खुशाल समजावे. स्पिटफायर या नावाची वीस हजारांहून अधिक ब्रिटिश विमाने कारखान्यांतून बाहेर पडली, त्यांच्या इंजिनांत, पंखांत आणि शस्त्रांत वर्षागणिक बदल होत गेले, आणि मॉडेल मात्र त्या हजारोंपैकी एकाच विमानाचे होऊ शकते. धडावरची अक्षरे आणि शेपटीजवळचा अनुक्रमांक एका ठरावीक यंत्राचे असतात. रंग तर त्याहून काटेकोर, कारण तो त्या यंत्राच्या आयुष्यातल्या एका ठरावीक महिन्याचा, क्वचित एका ठरावीक दिवसाचा असतो. प्लास्टिकचे तुकडे जोडण्यापाशी हा छंद सुरू होतो हे खरे, पण मला तो धरून ठेवतो तो या तारखेच्या शोधामुळे.

१९४० सालचे ब्रिटिश लढाऊ विमान घ्या. युद्धाच्या पहिल्या महिन्यांत या विमानांचा तळ मधोमध दुभंगलेला असे. डावा पंख खालून काळा आणि उजवा पांढरा. जमिनीवरच्या निरीक्षकांना आणि विमानविरोधी तोफांवरच्या माणसांना आपले विमान ओळखता यावे, हा त्यामागचा साधा हेतू होता. जून १९४० मध्ये हुकूम निघाला की तळाला 'स्काय' नावाचा फिकट हिरवट रंग द्यावा. हुकूम वेळेवर निघाला, रंग मात्र सगळीकडे वेळेवर पोहोचला नाही, आणि तुकड्यांनी हाताशी होते त्यांतून जमेल तशी छटा कालवली. त्यामुळे त्या उन्हाळ्यात एकाच नावाचे अनेक रंग आकाशात उडत होते. नोव्हेंबरच्या अखेरीस डाव्या पंखाचा तळ पुन्हा काळा झाला, एप्रिल १९४१ मध्ये तो काळा रंग गेला, आणि ऑगस्टमध्ये वरच्या बाजूचा मातकट तपकिरी जाऊन त्या जागी ओशन ग्रे आला. चौदा महिन्यांत विमानाने इतक्या वेळा कपडे बदलले असतील, तर "ब्रिटिश लढाऊ विमानाचा रंग कोणता?" या प्रश्नाला उत्तरच नाही, त्यात "कधी?" घातल्याशिवाय तो प्रश्न पुरा होत नाही.

किटच्या खोक्यातल्या सूचनापत्रिकेला एवढा धीर नसतो. ती दोन किंवा तीन विमानांची चित्रे देते, प्रत्येकाखाली तुकडीचे नाव, हवाई तळाचे नाव आणि महिना छापते, आणि रंगांचे क्रमांक देऊन मोकळी होते. पुष्कळ जण त्या पत्रिकेवर विसंबून समाधानाने मॉडेल पुरे करतात आणि त्यात काहीही गैर नाही. ज्याला एकदा शंकेची चटक लागते, तो मात्र छायाचित्रे शोधू लागतो, आणि मग चार संध्याकाळी जोडकाम आणि चाळीस संध्याकाळी वाचन असे प्रमाण होऊन बसते.

प्रमाण या शब्दाला या छंदात अर्थातच दुसरा आणि मुख्य अर्थ आहे. सर्वांत रुळलेले प्रमाण १/७२, म्हणजे मॉडेलवरचा एक इंच हा खऱ्या विमानावरचे सहा फूट. ज्यांना अधिक तपशील हवा ते १/४८ कडे वळतात, आणि ज्यांच्या कपाटांत जागा आणि मनात हौस दोन्ही मुबलक असतात ते १/३२ कडे. आरंभीच्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता. १/७२ मध्ये तो १५६ मिलिमीटर भरतो, म्हणजे विमान तळहातावर मावते. १/७२ हे प्रमाण १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये लाकूड आणि धातूच्या किटांनी रूढ केले, आणि १९३६ मध्ये 'फ्रॉग पेंग्विन' या नावाने पहिली प्लास्टिकची विमाने याच प्रमाणात आली. ते प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेटचे होते आणि काळाबरोबर वाकडे होई, त्यामुळे आज त्यांतले सरळ पंखांचे मॉडेल सापडणे कठीण. आताची किटे पॉलिस्टायरिनची असतात, जे वाकत नाही, सहज घासले जाते आणि द्रावकाने जोडता येते.

युद्ध सुरू झाल्यावर हेच प्रमाण खेळातून कामाला लागले. आकाशातले ठिपक्याएवढे विमान आपले की शत्रूचे, हे क्षणार्धात ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना द्यायचे होते, आणि चित्रांपेक्षा हातात धरून फिरवता येणारी आकृती त्यासाठी अधिक उपयोगी होती. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळांतल्या मुलांकडून लाकडाची अशी मॉडेल्स मोठ्या संख्येने करून घेतली. ती १/७२ ची होती आणि काळ्या रंगात रंगवलेली होती, कारण ओळखायची होती ती फक्त बाह्यरेषा. गणितही सोयीचे होते. हे मॉडेल ३५ फुटांवर धरले की खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावर असल्यासारखे दिसते. त्या मुलांच्या मॉडेलांवर एकही अक्षर, एकही चिन्ह नव्हते, आणि तरी आजच्या कोणत्याही सजवलेल्या मॉडेलपेक्षा त्यांना अधिक गंभीर काम होते.

या गणिताची उलट बाजू मात्र मॉडेल करणाऱ्याच्या सगळ्या अभिमानाला सुरुंग लावते. पत्र्यांच्या सांध्यांच्या ज्या बारीक खोदीव रेषांसाठी नव्या किटांची तोंड भरून स्तुती होते, त्यांची रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी धरली तरी १/७२ मध्ये ती खऱ्या विमानावरची सात मिलिमीटरहून रुंद फट होते, आणि अशा फटी घेऊन कोणतेही लढाऊ विमान चारशे मैलांच्या वेगाने उडत नव्हते. रंगाचा एक थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका मानला तर मूळ विमानावर तो साडेतीन मिलिमीटरचा लेप ठरतो. काटेकोर प्रमाणाचा आग्रह धरायचा, तर बहुतेक रेषा पुसून टाकाव्या लागतील आणि रंग जवळजवळ द्यायचाच नाही असे ठरवावे लागेल. आणि असे मॉडेल कोणालाही विमान वाटणार नाही, फक्त गुळगुळीत प्लास्टिक वाटेल. म्हणून आपण एका संकेताला मान्यता देतो. रेषा खऱ्या नाहीत, पण त्या असल्याने विमान पत्र्यांचे बनले आहे हे डोळ्याला कळते. हा संकेत आहे याचे भान सुटले की माणूस रेषा अधिकाधिक काळ्या करत जातो, आणि विमान फरशीच्या चौकोनांतून घडवल्यासारखे दिसू लागते.

रंगाच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक नाजूक होतो. हातभर अंतरावरून, म्हणजे समजा तीस सेंटिमीटरवरून आपण १/७२ चे मॉडेल पाहतो, तेव्हा ते साडेएकवीस मीटरवरून खरे विमान पाहण्यासारखे असते, आणि मधल्या हवेमुळे खऱ्या विमानाचा रंग तिथून थोडा फिका आणि मवाळ दिसतो. म्हणून मूळ रंगाचा हुबेहूब नमुना मॉडेलवर लावला की तो गडद वाटतो. या परिणामासाठी रंगात किती पांढरा मिसळावा याची टक्केवारी सांगणारे कोष्टक अनेक जण पाळतात. मला ते कोष्टक फार यांत्रिक वाटते, कारण पांढरा मिसळल्याने हिरव्याचा जीव जातो आणि लालाचा तर गुलाबीच होतो. त्यापेक्षा किंचित करडा किंवा पिवळसर मातकट घालून डोळ्याने ठरवणे मला बरे वाटते. पण रंग फिका करायला हवा, एवढे मात्र त्या कोष्टकवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे.

जोडकामाविषयी थोडक्यातच सांगतो, कारण त्यात युक्त्या पुष्कळ असल्या तरी रहस्य काही नाही. बहुतेक विमानांचे धड डाव्या आणि उजव्या अर्धांत येते, त्यामुळे ते मिटवण्याआधी कॉकपिट पुरा करावा लागतो. उपकरणांची पाटी, आसनाचे पट्टे, नियंत्रणदांडा, असे सगळे तासन्‌तास रंगवायचे आणि मग कॅनोपी, म्हणजे वरचे पारदर्शक आवरण, बसवली की त्यातले दशांशही दिसत नाही, हे या छंदातले जुने दुःख आहे. पॉलिस्टायरिनचा पातळ गोंद खरे तर चिकटवत नाही. तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून एकच होतात, म्हणून ब्रशचे टोक सांध्याला टेकवताच द्रव आपोआप फटीत धावतो. सुपरग्लू मात्र पितळी आणि रेझिनच्या सुट्या भागांसाठी राखून ठेवावा आणि पारदर्शक भागांच्या आसपासही फिरकू देऊ नये, कारण त्याच्या वाफेने कॅनोपीवर पांढरट धुके बसते. सांधा पुटीने भरून ओल्या पॉलिश पेपरने घासायचा आणि वर प्रायमर मारून तपासायचा. करडा प्रायमर एकही खोट लपवत नाही. पुढे चाक असलेल्या विमानाच्या नाकात शिसे भरायला विसरू नये, एरवी ते शेपटीवर बसते.

खरी मौज सांधे घासून झाल्यावर येते, कारण तिथे पृष्ठभाग हाच विषय होतो. स्पिटफायरच्या आरंभीच्या चाचण्यांतली एक गोष्ट मला फार आवडते. पत्र्यात सपाट बसणारे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, हे महागडे आणि वेळखाऊ काम होते, म्हणून ते कुठे आवश्यक आहेत आणि कुठे उंच डोक्याचे स्वस्त रिव्हेट चालतील हे शोधण्यासाठी अभियंत्यांनी वाटाण्याच्या डाळीचे दाणे सपाट रिव्हेटांवर चिकटवले आणि विमान उडवून पाहिले. वेग ताशी २२ मैलांनी घटला. मग थोडे थोडे दाणे काढत उड्डाणे झाली आणि पंखांना सपाट रिव्हेट हवेतच, धडाच्या मागच्या भागात मात्र उंच डोक्याचे चालतील असे ठरले. म्हणून स्पिटफायरच्या मॉडेलवर सर्वत्र एकसारखी रिव्हेटांची ओळ उमटवणारा माणूस मेहनती असेल, पण त्याने पृष्ठभाग पाहिलेला नसतो.

मस्टँगच्या बाबतीत तर हा फरक अधिक ठळक आहे. अमेरिकेने १९४४ च्या सुरुवातीपासून आपल्या लढाऊ विमानांवरचे छद्मरंग काढून टाकले आणि विमाने उघड्या धातूत झळकू लागली; तेव्हापासून मॉडेल करणाऱ्यांना चकचकीत ॲल्युमिनियमच्या रंगांचे वेड आहे. पण मस्टँगचा पंख हवेचा प्रवाह सुरळीत राहावा अशा खास आकाराचा होता, आणि तो आकार रिव्हेटांच्या खळग्यांनी बिघडू नये म्हणून कारखान्यातच त्यावरचे सांधे आणि रिव्हेट पुटीने भरून, घासून, वर चंदेरी रंग दिला जाई. म्हणजे धड उघड्या धातूचे आणि पंख रंगवलेले. धडावर पत्र्यागणिक चमक वेगळी आणि पंखावर एकसंध, किंचित मंद चंदेरी. अनेक किटांच्या पंखांवर साच्यातच सुंदर रेषा कोरलेल्या असतात, आणि त्या भरून टाकायला हात धजावत नाही हे मला समजते. तरीही मी त्या भरतो. जे खऱ्या कामगाराने पुटीने बुजवले, ते आपण पुन्हा बुजवायचे, यात मला एक वेगळाच आनंद वाटतो.

या रंगकामासाठी हवेच्या दाबाने रंग फवारणारा एअरब्रश बहुतेकांच्या हाती येतो, आणि त्याचे निम्मे शास्त्र रंग दुधाइतका पातळ करण्यात आणि निम्मे तो रंग वाळण्याची वाट पाहण्यात आहे. ब्रशने रंगवणाऱ्यांना कमी लेखण्याची पद्धत मला पटत नाही. काही ठिकाणी ब्रशच प्रामाणिक ठरतो. नॉर्मंडीच्या चढाईच्या वेळी, जून १९४४ च्या पहिल्या आठवड्यात, दोस्तांच्या विमानांच्या पंखांवर आणि धडावर तीन पांढरे आणि दोन काळे असे पट्टे देण्यात आले. गुप्तता राखण्यासाठी हुकूम अगदी शेवटी निघाला, त्यामुळे जमिनीवरच्या माणसांनी हाती मिळेल त्या ब्रशने हजारो विमाने एक-दोन दिवसांत रंगवली. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंचांचा ठरलेला होता. १/७२ मध्ये तो बरोबर पाव इंच होतो, म्हणून मास्किंग टेप कापून ते पट्टे सुरीच्या धारेसारखे मारणे सोपे आहे. अवघड आहे ते चुकीचे मारणे. म्हणजे कडा किंचित हलू देणे, पांढऱ्यातून खालचा हिरवा डोकावू देणे, एका पंखावरचा पट्टा दुसऱ्यापेक्षा केसभर रुंद ठेवणे, आणि हे सगळे अशा बेताने की पाहणाऱ्याला ते घाईचे वाटावे, हलगर्जीपणाचे वाटू नये. महिनाभराने वरच्या बाजूचे पट्टे काढण्याचे आदेश आले, त्यामुळे कोणत्या विमानावर पट्टे पुरे आहेत आणि कोणत्यावर फक्त तळाशी उरले आहेत, यावरून छायाचित्राची तारीखही अदमासे ठरवता येते.

छायाचित्रांवर मात्र आंधळा विश्वास ठेवून चालत नाही. जुन्या कृष्णधवल फिल्मचा ऑर्थोक्रोमॅटिक नावाचा एक प्रकार लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळा असतो आणि पिवळ्याला कमी दाद देतो. तिच्यावर टिपलेले पिवळे वर्तुळ काळपट दिसते आणि निळा रंग फिकट. त्यामुळे एखाद्या चिन्हाभोवती पिवळी कडा होती की नव्हती, असे साधे प्रश्नही फिल्म कोणती होती हे कळल्याखेरीज सुटत नाहीत. रंगीत फिल्म असली म्हणजे वाद मिटतो असेही नाही. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या ३६१ व्या फायटर ग्रुपची मस्टँग विमाने. इंग्लंडमधल्या बॉटिशॅम तळावरच्या या तुकडीची चार विमाने १९४४ च्या उन्हाळ्यात ढगांवरून एकत्र उडत असताना टिपलेली छायाचित्रे जगभरच्या मॉडेल करणाऱ्यांना पाठ आहेत. पुढच्या विमानाचे नाव 'लू ४', धडावरची अक्षरे ई२-सी, आणि वरच्या बाजूला नंतर दिलेला एक गडद रंग. तो रंग हिरवा की निळा, यावर कित्येक दशके वाद झाला. रंगीत छायाचित्रांत तो निळसर भासतो, आणि त्या भरवशावर असंख्य निळी 'लू ४' कपाटांत उभी राहिली. दुसरी बाजू म्हणते की उंचावरच्या आकाशाचा निळा प्रकाश आणि जुन्या फिल्मचा ढळलेला तोल यांमुळे हिरवाच निळा दिसतो, आणि लढाऊ तळावर निळ्या रंगाचा एवढा साठा कुठून येणार? मी हिरव्याच्या बाजूचा आहे. पण या वादाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होते. 'लू ४' उडवणारे कर्नल थॉमस ख्रिश्चन, त्या ग्रुपचे प्रमुख, १२ ऑगस्ट १९४४ रोजी फ्रान्समध्ये एका रेल्वे यार्डावरच्या हल्ल्यात मारले गेले. ज्या विमानाचा रंग आपण भिंगातून तपासतो, त्याचा वैमानिक त्या छायाचित्रानंतर फार दिवस जगला नाही.

युद्धानंतरच्या विमानांत हा गोंधळ कमी होतो, कारण रंगांना क्रमांक मिळाले. अमेरिकेने १९५६ मध्ये फेडरल स्टँडर्ड ५९५ ही पद्धत आणली. तिच्यात प्रत्येक रंगाला पाच अंक, त्यांतला पहिला अंक चमक सांगतो, दुसरा रंगाचे कुळ. ३६३७५ म्हटले की पहिल्या ३ वरून रंग मॅट आहे आणि पुढच्या ६ वरून तो करड्यांपैकी आहे हे सूची न उघडता कळते. जेट विमाने करणारे लोक गप्पांत रंगाचे नाव घेतच नाहीत, थेट अंक बोलतात. एवढ्या शिस्तीतही गंमत शिल्लक राहते. लष्करी विमान गुलाबी असू शकते असे सांगितले तर कोणी विश्वास ठेवत नाही, पण ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात ढगांखालून खालच्या उंचीवर टेहळणी करणारी काही स्पिटफायर फिकट गुलाबी रंगवली होती, आणि १९९१ च्या आखाती युद्धात त्यांची टोर्नेडो विमाने वाळवंटी गुलाबी रंगात उडाली. तो रंग तात्पुरता, धुऊन काढता येणारा होता, त्यामुळे तो झिजून खालचा हिरवा-करडा दिसू लागला. युद्धाच्या शेवटी ती विमाने मॉडेल करणाऱ्याला मोहात पाडतील अशी मळकट झाली होती.

मळ आणि झीज दाखवण्याच्या या कलेला वेदरिंग म्हणतात, आणि तिथे माझे समकालीनांशी पटत नाही. आजची रीत अशी की प्रत्येक पत्र्याच्या मध्यभागी रंग उजळ करायचा, कडांना गडद, सांध्यांत काळपट तेलरंगाचा पातळ वॉश भरायचा, आणि पंखांच्या कडांवर धातूचे ओरखडे काढायचे. छायाचित्रात असे मॉडेल उठून दिसते. पण पश्चिम युरोपातले पुष्कळ लढाऊ विमान काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत नष्ट होई. त्याला उन्हाने फिके व्हायला वेळच मिळत नसे. उलट पॅसिफिकमधल्या प्रवाळबेटांवर, कडक उन्हात आणि पांढऱ्या धुळीत उभी राहणारी अमेरिकी कॉर्सेअर विमाने झपाट्याने विटत, आणि त्यांच्या निळ्या रंगाचे कितीतरी थर दिसत. म्हणजे झीज हीसुद्धा तारखेचा आणि जागेचाच भाग आहे. ती सगळ्यांना सरसकट लावण्याचा मसाला नाही. चालू विमानाची काळजी घेणारी माणसे असत, ती ते पुसत, आणि काही वैमानिक वेगासाठी आपले विमान मेण लावून चमकवूनही घेत. स्वच्छ मॉडेल केले की लोक विचारतात, "वेदरिंग अजून बाकी आहे का?" आणि त्याला काय उत्तर द्यावे हे मला अद्याप सुचलेले नाही.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे, लावण्याचे काम सर्वांत शेवटी येते आणि सर्वांत जास्त संयम मागते. खडबडीत मॅट रंगावर डिकल लावले तर पारदर्शक पापुद्र्याखाली हवा अडकते आणि तो चंदेरी दिसू लागतो, म्हणून आधी ग्लॉस, मग डिकल, मग मऊ करणारे द्रावण आणि शेवटी मॅट, असा उलटसुलट प्रवास करावा लागतो. जर्मन विमानांच्या शेपटीवरच्या चिन्हाचा प्रश्न इथेच उभा राहतो. जर्मनीत नाझी चिन्हांच्या वापरावर कायद्याने कडक बंधने असल्यामुळे अनेक किटांच्या खोक्यांवरच्या चित्रांत शेपूट कोरी असते, आणि डिकलच्या कागदावर ते चिन्ह एकतर नसते किंवा दोन तुकड्यांत छापलेले असते, जे जोडणे न जोडणे करणाऱ्यावर सोपवलेले असते. काही जण ते तुकडे टाकून देतात. इतिहास कोरा ठेवला तर तो सौम्य होतो, म्हणून मी ते जोडतो. पण ते दोन तुकडे चिमट्याने एकमेकांना भिडवताना हात नेहमीपेक्षा सावकाश चालतो, आणि तसे व्हावे हे मला योग्यच वाटते.

माणसे मारण्यासाठी घडवलेल्या यंत्रांवर इतके प्रेम कसे करता, हा प्रश्न या छंदातल्या प्रत्येकाला कधी ना कधी विचारला जातो. "आम्हाला अभियांत्रिकी आवडते" हे नेहमीचे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. या विमानांच्या रेषा सुंदर आहेत आणि ते सौंदर्य त्यांच्या कामातूनच आले आहे. पंख पातळ आहेत कारण वेग हवा होता, नाक उतरते आहे कारण नेम धरायचा होता. प्रकारापाशी थांबले की हे सौंदर्य निरागस वाटत राहते. बी-२९ हे एक देखणे, चंदेरी, चार इंजिनांचे अमेरिकी बॉम्बफेकी विमान आहे, १/७२ मध्ये जवळजवळ साठ सेंटिमीटर विस्ताराचे, आणि त्याचा काचेचा गोलसर पुढचा भाग पाहून कोणालाही ते करावेसे वाटेल. पण त्यातले एक ठरावीक विमान करायचे म्हटले की सूर बदलतो. 'एनोला गे' हे नाव, म्हणजे वैमानिक पॉल टिबेट्स यांच्या आईचे नाव, त्या विमानाच्या नाकावर ५ ऑगस्ट १९४५ रोजी रंगवले गेले. दिशाभूल करण्यासाठी शेपटीवर दुसऱ्याच ग्रुपचे, वर्तुळातल्या आर अक्षराचे, चिन्ह दिलेले होते. म्हणजे त्या शेपटीसह ते नाव मॉडेलवर लावले की तारीख मागे नेता येत नाही. आदल्या दिवशी हे विमान असे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हिरोशिमावर होते. ते किट कोणी करावे की करू नये याचा निवाडा मी देणार नाही. पण ज्याने ते केले त्याने आठ इंग्रजी अक्षरांची ती साधी, काळी ओळ लावताना आपण कोणता दिवस लावतो आहोत हे जाणूनच लावावी, एवढे मी म्हणेन.

तारखा शोधताना आणखी एका वर्गाशी ओळख होते, जिचे श्रेय या छंदाला द्यावे लागेल. वैमानिकांची नावे पुस्तकांत सापडतात. विमान ज्यांनी रंगवले, पुसले, रात्रभर जागून इंजिन उघडले आणि सकाळी दुसऱ्याच्या हाती दिले, त्यांची क्वचित सापडतात. अमेरिकी लढाऊ विमानांवर मात्र कॉकपिटच्या खाली अनेकदा एक छोटा चौकोन असे, ज्यात वैमानिकाच्या नावाबरोबर क्रू चीफ, म्हणजे विमानाची देखभाल करणारा प्रमुख, आणि शस्त्रांची निगा राखणारा यांची नावे लिहिलेली असत. खऱ्या विमानावरचे एक इंच उंचीचे अक्षर १/७२ मध्ये मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढे होते, आणि नुसत्या डोळ्याला ती ओळ म्हणजे एक करडी रेघ दिसते. याचा फायदा घेऊन काही डिकलवाले तिथे अक्षरांऐवजी खरोखरच निरर्थक रेघोट्या छापतात. कोण भिंग लावून पाहणार, असा त्यांचा हिशोब असावा. मी पाहतो, आणि रेघोट्या निघाल्या तर त्या विमानासाठी नावे नीट छापलेला दुसरा कागद मिळेपर्यंत चौकोनाची जागा मोकळी ठेवतो, मग बाकी सगळे पुरे होऊन मॅटचा शेवटचा हात तेवढा राहिला असला तरी चालेल.